सुनंदाची गाववाली

आईला माणूस अर्धा ठेवता येत नसे. नाव सांगून तो मोकळा झाला तरी आईच्या लेखी तो अजून दारातच उभा असायचा. "गाव कोणतं?" हा तिचा दुसरा प्रश्न, "कुणाची तू?" हा तिसरा. त्या गावातलं एखादं तरी घर ओळखीचं निघालं की मग ती म्हणायची, "बस. जेवलीस का?" आमचं भांड्यांचं दुकान वडवणीला होतं. बाजाराच्या दिवशी चहूकडच्या खेड्यांतून बायका लग्नाच्या भांड्यांना यायच्या आणि आई गल्ल्यापाशी न बसता त्यांच्यात जाऊन बसायची. त्यामुळे कुणाची लेक कुठं दिली, कुणाची सून कुठली, लिंबागणेशच्या कोणत्या घरात जुळी पोरं झाली, असा निम्मा बीड जिल्हा तिला तोंडपाठ होता. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा वडील दुकानापायी वडवणीलाच राहिले आणि आई माझ्याबरोबर बीडला आली. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढंच बिऱ्हाड. तिथं बोलायला माणसं नाहीत म्हणून महिन्याभरात तिचा जीव कासावीस झाला, आणि तिनं मुलींची मेस काढली.

मग घराला आवाज आले. सकाळी स्टोव्हची फरफर, परातीत भाकरी थापल्याचे थपथप आवाज, पडवीत मुलींच्या चपलांचा ढीग आणि त्यातली आपली शोधताना होणारी भांडणं. न्याहारीला सुशीला असायची, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे, वर लिंबू पिळलेले. जेवणाला ज्वारीची भाकरी, येसराचा मसाला घातलेली आमटी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी आणि आई खलबत्त्यात कुटायची ती शेंगदाण्याची चटणी. गुरुवारी शिरा. आमच्या घरात कांदा-लसूण चालायचं, अंडं मात्र नाही. ओट्याच्या कोपऱ्यात देव होते, आईच्या गळ्यात लिंग होतं, आणि आंघोळ करून विभूती लावल्याशिवाय ती पिठाला हात लावत नसे. मुली तिला मावशी म्हणत. पडवीत सतरंजी घालून दोन पंगती बसायच्या आणि आई हातात आमटीचं भगुणं घेऊन मधून फिरायची.

नवी मुलगी आली की पहिले दोन दिवस ती ताटाकडं बघत जेवायची. आई तिला हेरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी कोण बसणार हे ठरलेलं असे. पाटोद्याची पाटोद्याच्या शेजारी, गेवराईची गेवराईच्या. गाव एक नसलं तर आजोळ, आजोळ नसलं तर आत्याचं सासर, काहीतरी ती जुळवायचीच. "अगं, हिच्या आत्याला तुमच्याच गल्लीत दिलीय की!" एवढं बोलून ती आत जायची आणि तव्यापाशी बसून कान मात्र बाहेर ठेवायची. आठ दिवसांत त्या दोघी एकमेकींच्या चपला घालून हिंडू लागत. मी आईला कंडक्टर म्हणून चिडवायची, सगळ्यांना गाव विचारून जागेवर बसवते म्हणून. ती रागवायची नाही. "परमुलुखात वळखीचं माणूस भेटलं की घास गिळतो बाई," म्हणायची.

आता मी स्वतः एका कॉलेजात शिकवते आणि निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. दरवर्षी प्रवेश सुरू झाले की प्राचार्य मला बोलावून घेतात. मुलं एकटी पडतात, मध्येच सोडून जातात, त्यांना कॉलेज आपलं वाटावं म्हणून काहीतरी करा मॅडम. मग समिती होते, गट पाडले जातात, ओळखीचे खेळ होतात, फुगे फुगवले जातात. ओळखीच्या अर्जात गावाचा रकाना असतो. मी तो दरवर्षी खोडते आणि कार्यालय तो दरवर्षी परत छापतं. का खोडता म्हणून आमच्या क्लार्कनं एकदा विचारलं तेव्हा मी कागदावर जागा पुरत नाही असं सांगितलं. मुलांना तर त्या अर्जाची गरजही उरलेली नाही. पहिल्या तासाला हजेरीत आडनाव ऐकलं की दुसऱ्या तासापर्यंत त्यांनी मोबाइलवर सगळं शोधलेलं असतं. प्राचार्यांना वाटतं मॅडमना या कामाची आवड आहे. मला सुनंदा आठवते आणि मी नाही म्हणू शकत नाही.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना सुनंदा माझ्या वर्गात होती. खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसायची आणि मधल्या सुटीत डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड जेवायची. इतर आया लेकींना आज काय शिकवलं म्हणून विचारतात, माझी आई विचारायची, "वर्गात कोण एकटं बसतंय?" मी सुनंदाचं सांगितलं. "आण तिला," आई म्हणाली. मी चार-पाच दिवस तिच्या मागं लागले तेव्हा कुठं ती आली, तीही दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"गाव कोणतं बाई?"

"केज."

"केजात कुठं?"

"बसस्टँडच्या मागं."

"कुणाची तू?"

"तुमच्या वळखीचे न्हाईत मावशी."

आईचा धागा तिथं तुटला. केज तालुक्याचं मोठं गाव, बसस्टँडच्या मागं तिला कुणी आठवेना, आणि आडनावही कुठल्याही घरात निघेल असंच होतं. तिनं "बस, जेवलीस का?" म्हटलं खरं, पण दातात अडकलेल्या तिळासारखं ते तिला टोचत राहिलं असावं.

पहिले काही दिवस सुनंदा जेवून उठली की स्वतःचं ताट स्वतः घासायची आणि भिंतीशी वेगळं पालथं घालायची. "ताट राहू दे गं, भांडेवाली येती," असं आईनं दहादा सांगितलं तेव्हा एके दिवशी तिनं ते इतरांच्या ताटांवर ठेवलं आणि पटकन हात मागं घेतला. आम्ही कुणी त्याची दखल घेतली नाही. त्यानंतर मात्र तिला तोंड फुटलं. इतिहासाचे सर प्रत्येक वाक्य "आता बघा" म्हणून सुरू करायचे आणि कुणाकडंच बघायचे नाहीत. त्यांची नक्कल ती अशी करायची की पाटोद्याच्या दोघी सतरंजीवर लोळायच्या. त्या दोघी, सुनंदा आणि मी, अशी आमची चौकडी झाली. ग्रंथालयात एकत्र, कॅन्टीनच्या पायरीवर एकत्र. संमेलनाला चौघींनी हिरव्या साड्या नेसायच्या असंही ठरलं. आणि आईला तर ती लेकीपेक्षा जास्त आवडू लागली, कारण मला धड भाकरी थापता येत नसे आणि तिची भाकरी कागदासारखी पातळ होऊन टम्म फुगायची. गर्दीच्या दिवशी ती न सांगता आत जाऊन आईच्या शेजारी बसायची. ही थापायची, आई भाजायची. "हिच्या हाताला गुण हाय," असं आई मला ऐकवायची. मी खोटं खोटं रुसायची.

एकदा ग्रंथालयातून परतताना ती मला म्हणाली, "आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. चुलता नको म्हणत होता. मायनं भांडून एक साल मागून घेतलं. पास झाले तर पुढचं बगू म्हणलेत. नापास झाले, न्हाईतर रडत परत गेले, तर लगीन लावून देणार. मंग मला कोण पाठवतंय?" मी तिचा हात धरून म्हटलं, "रडत कशाला जाशील? आम्ही आहोत ना!" हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

दुकानाच्या कामासाठी आमच्या घरी फोन होता आणि मुलींच्या घरचे लोक त्यावर निरोप ठेवायचे. एका दुपारी सुनंदाच्या वडिलांचा फोन आला. सुनंदा कॉलेजात होती. आईनं सवयीनं विचारलं, "कुठून बोलता?" त्या सरळ माणसानं सरळ सांगितलं, आणि निरोपासाठी गावातल्या गिरणीचा फोन नंबरही दिला. नांदूरघाटच्या पलीकडचं एक लहानसं खेडं होतं ते. त्याचं नाव मी लिहीत नाही. मी घरी आले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद होता. "अगं, ही केजची न्हाईच! ही तर वैशालीच्या गावची!" वैशाली म्हणजे बारावीला शिकणारी, आमच्याकडून डबा नेणारी एक मुलगी. ती नुकतीच आलेली, खोलीवर एकटीच जेवायची आणि डबा घ्यायला आली की डोळे सुजलेले असायचे. आईला एका दगडात, म्हणजे एका पंगतीत, दोघींचं भलं करायची संधी दिसली. "सुनंदाला सांगू नको. गुरुवारी वैशालीला जेवायला बोलावते. बघ कशी हरखते!"

सुनंदानं केज का सांगितलं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही असं नाही, पण मीच त्याचं उत्तर देऊन टाकलं की लहान खेड्याची लाज वाटत असेल. माझ्यासारख्या घरातल्या मुलीला तेवढंच सुचतं. मला गंमतच वाटली, हेही कबूल करते. गुरुवारी त्या दोघींची ताटं मी माझ्या हातानं शेजारी शेजारी मांडली.

पंगत बसली. सुनंदा आतून भाकऱ्यांची चळत घेऊन आली, आपल्या जागेवर बसली आणि शेजारी कोण हे बघायला वळली. आई भगुणं घेऊन समोर उभी होती. "बघ, तुझी गाववाली शोधून काढली का न्हाई!"

वैशाली अक्षरशः उजळली. इतक्या दिवसांनी तिला गावचं माणूस भेटलं होतं. "अगं सुनी! तू हितं हाईस व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई!" तिनं सुनंदाचा दंड धरला आणि सगळ्यांकडं बघून कौतुकानं सांगू लागली, "हिला मी ल्हानपणापासून वळखते. आमच्या गावच्या भीमनगरातली हाय ही. हिचे मायबाप आमच्याच शेतात असतेत. लई हुशार हाय बरं का, शाळेत पयला नंबर यायचा हिचा."

त्या मुलीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. मी तिच्या समोरच बसले होते, मला तिचा चेहरा दिसत होता. पण पंगतीत नुसतं वाटी ठेवल्याचं, पाणी ओतल्याचं ऐकू येऊ लागलं. पाटोद्याच्या दोघींपैकी एक म्हणाली, "तू तर केजची म्हणलीस?" सुनंदानं भाकरी मोडली, आमटीत कालवली आणि सगळी खाल्ली. मग उठली, ताट घासलं आणि भिंतीशी पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर मला काही करता आलं असतं. पाटोद्याच्या एकीला उपास निघाला, दुसरीला अभ्यास होता म्हणून तिनं डबा मागितला. आठवड्याभरात दोघी डब्यावर गेल्या. आणखी दोन मुली, ज्यांचा सुनंदाशी काही संबंध नव्हता, त्यांनी सहज विचारल्यासारखं मला विचारलं, "ती अजून भाकऱ्या करती का गं?" मी "मग?" एवढंच म्हणाले. जास्त काही म्हणायला हवं होतं, पण त्या इतक्या मऊ आवाजात बोलत होत्या की भांडायला जागाच नव्हती.

आईबद्दल मला खरं लिहायचं आहे. आईनं सुनंदाचं ताट वेगळं केलं नाही. वरून वाढलं नाही. तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. उलट ती तिच्याशी फार गोड बोलू लागली. शिरा दोनदा वाढायची. आणि पुढच्या गर्दीच्या दिवशी सुनंदा आत येऊ लागली तेव्हा आई चटकन म्हणाली, "तू कावून तरास घेती बाई? तू बस बाहेर, मी आणते." सुनंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. आईनं तिच्याकडं न बघता भाकरी उलटली आणि घाईत बोट भाजून घेतलं. मेस बंद पडेल ही भीती, इतक्या वर्षांच्या सोवळ्याची सवय, की खरोखरच तिला आता सुनंदाला काम सांगायला संकोच वाटत होता, मला ठरवता येत नाही. मी आईला कधी विचारलं नाही. मी तिची लेक आहे, मला उत्तराची भीती वाटली.

सुनंदा यायची थांबली. मी तिच्या खोलीवर गेले. स्टोव्हवर भात रटरटत होता आणि ती वही पुढं घेऊन बसली होती. मी पाटोद्याच्या दोघींना समजावते, आईशी बोलते, सगळं पहिल्यासारखं होईल, असं बरंच काही मी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अकरावीला केजात खरं गाव सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "दोन सालं बाकावर एकटी बसले. म्हणून हितं आल्यावर ठरवलं, कुणाला काय सांगायचंच न्हाई. खोटं बोलले ते माझं चुकलं. पण तुमी ते शोधून कावून काढलं?"

"आई चांगल्यासाठीच करायला गेली गं."

"मला ठाव हाय. वैशाली बी चांगलीच हाय. तू बी. मंग मी राग कुणावर धरू, सांग ना?"

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिनं भाताखालचा स्टोव्ह बंद केला आणि मला पाणी दिलं.

मी एकदा चौघींना कॅन्टीनच्या पायरीवर जमवलंही. पाटोद्याच्या दोघी आल्या, सुनंदाशी हसून बोलल्या, तिच्या नोट्सचं कौतुक केलं. पाहुण्यांशी बोलावं तसं सगळ्या बोलत होतो. कुणीतरी इतिहासाच्या सरांचा विषय काढला, पण सुनंदानं नक्कल केली नाही. वीस मिनिटांत आम्ही उठलो. इकडे वैशाली डबा घ्यायला आली की मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "ताई, मी काय वाईट बोल्ले का? मी तर लई खुश झाल्ते. आता सुनी माझ्याकडं बगत बी न्हाई." मी तिच्या हातात डबा देऊन विषय बदलायची. पुढं तिनंही डबा बंद केला आणि ती नातेवाइकांकडं राहायला गेली.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा सुनंदा गावी निघाली. मी बसस्टँडवर गेले. तिच्याकडं एक पिशवी कपड्यांची आणि एक पुस्तकांची होती. पुस्तकांची पिशवी बघून मला धीर आला. "परीक्षेला येशील ना?" मी विचारलं. "येते की," ती म्हणाली. "घरी अभ्यास चांगला व्हतो." आईनं धपाटे बांधून दिले होते, ते तिनं घेतले, घेतले म्हणून मावशीला सांग म्हणाली. गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी बसून माझ्याशी बोलत राहिली. मी त्या "येते की" वर एक महिना काढला.

ती आज कुठं आहे, हे मला माहीत नाही. शोधणं आता अवघड नाही, दोन फोनचं काम आहे, आणि आईची विद्या थोडी माझ्यातही उतरली आहे. पण तिला शोधून काढायचं काम आम्ही एकदा केलं होतं. परत करायला हात उचलत नाही.

पहिल्या पेपराला तिचा बाक माझ्या पुढचा होता. बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या, बाक रिकामा. पर्यवेक्षक दुसऱ्या कॉलेजातले होते, भले गृहस्थ होते. त्यांनी हजेरीचा कागद पाहिला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "ही मुलगी आली नाही अजून. अर्ध्या तासापर्यंत आत घेता येतं. हिची मैत्रीण कोण आहे इथं? ऑफिसातून फोन करून विचारा, वाटेत असेल तर मी थांबतो." पाटोद्याच्या दोघींनी माना खाली घातल्या. सरांनी पुन्हा विचारलं, "कुणी मैत्रीण नाही हिची?" माझा हात बाकावर होता. उचलला असता तर मला ऑफिसात जाऊन तिच्या वडिलांनी दिलेला गिरणीचा नंबर फिरवावा लागला असता, कुणीतरी तिला बोलावून आणलं असतं आणि तिकडून तिचा आवाज आला असता. मी हात उचलला नाही. अर्धा तास झाल्यावर सरांनी दार लोटून घेतलं, तिच्या नंबरापुढं लाल पेनानं गैरहजर असं लिहिलं आणि तिची कोरी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. पास झाले एवढं खरं.

घरी आले तेव्हा आई पडवीच्या दारातच उभी होती. पेपर कसा गेला हे तिनं विचारलंच नाही.

"सुनंदा आलती का गं?"

मी चपला काढल्या. आईचे पिठाचे हात तसेच होते, ती काम टाकून उठून आली होती.

"आली होती," मी म्हणाले. "पेपर सोपा गेला तिला."

आईनं डोळे मिटले आणि देवांच्या कोपऱ्याकडं वळून हात जोडले. "बरं झालं बाई, लई बरं झालं," असं म्हणत ती मला ताट वाढायला आत गेली. अजून पाच पेपर बाकी होते.